लाइट गेली म्हणून मोटर बंद समजू नये

आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलो, त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका टायरच्या दुकानात 5 एचपीचा थ्री-फेज कॉम्प्रेसर दुरुस्त करायला गेलो होतो. भारनियमनामुळे लाइट नव्हती, म्हणून मेन स्विच न पाडताच मी बेल्टचे गार्ड उघडले. पुली पुसत असताना लाइट आली, टाकीतला दाब उतरलेला असल्याने दाबाप्रमाणे मोटर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच चालूच होता, मोटर आपोआप फिरली आणि हातातले फडके बेल्टने ओढून नेले. फडके सैल धरले होते, म्हणून बोटे वाचली.

तेव्हापासून मी मेन स्विच पाडून किटकॅट (काढता येणारा फ्यूज) खिशात ठेवतो, तिन्ही फेज आपसात आणि अर्थशी मल्टिमीटरने तपासतो आणि मगच हात लावतो. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नये.

खरा दोष जोडणीतही होता. स्टार्टरच्या होल्डिंग सर्किटमध्येच (बटण सोडल्यावरही मोटर चालू ठेवणारी जोडणी) प्रेशर स्विच घातला, तर 8 किलो दाबाला बंद झालेली मोटर 6 किलोला पुन्हा सुरू होत नाही. म्हणून पुष्कळ जण होल्डिंग काढून सगळा कारभार प्रेशर स्विचवर सोपवतात, आणि मग लाइट येताच मोटर आपोआप फिरते. त्याऐवजी एक वेगळा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) बसवावा, जो स्टार्ट बटणाने धरेल आणि स्टॉप दाबल्यावर किंवा लाइट गेल्यावर सुटेल. त्याचा संपर्क, प्रेशर स्विच आणि ओव्हरलोडचा (जास्त करंट आल्यावर पडणारा) संपर्क मोटरला वीज देणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सिरीजमध्ये जोडला, की मोटर दाबाप्रमाणे चालते, परंतु लाइट परतल्यावर बटण दाबल्याशिवाय हलत नाही.

आपल्याकडे ओलिताच्या दिवसांत व्होल्टेज उतरते आणि डीपीवरचा एखादा फ्यूजही उडतो. कॉइल उरलेल्या दोन फेजवर असेल तर कॉन्टॅक्टर सुटत नाही आणि मोटर दोन फेजवर तापत राहते, म्हणून एखादा फेज गेल्यावर मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरचा ओव्हरलोड नेमप्लेटवरच्या अँपिअरवर लावावा. तो वारंवार पडत असेल तर सेटिंग वाढवू नये. आधी मोटर थांबताना अनलोडर व्हॉल्व्हचा फुस्स आवाज येतो का, ते ऐकावे, कारण हेडमधली हवा सुटली नाही तर मोटरला दाबाविरुद्ध उठावे लागते.

अर्थिंगची तार मोटरच्या बॉडीला स्वतंत्र लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) लावून घट्ट आवळावी. पुली बाणाच्या उलट फिरली तर कोणतेही दोन फेज बदलावेत, तेही किटकॅट पुन्हा काढूनच.