थ्रॉटल बॉडी घरी सिंक करताना या चुका टाळा

मुंबईत मोटारसायकल चालवणाऱ्याचा बराचसा वेळ ॲक्सिलरेटर जेमतेम उघडलेल्या अवस्थेत जातो. संध्याकाळी सायनहून घाटकोपरकडे निघालेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते आणि तेव्हा थ्रॉटल बॉडीतल्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागातल्या, चकत्या केसभर उघडलेल्या असतात. अशा वेळी एका सिलिंडरची चकती दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त उघडी असेल, तर तेवढ्यानेही हवेच्या प्रमाणात मोठी तफावत पडते, गाडी झटके देते आणि आयडलिंग (रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग) वर-खाली होऊ लागते. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तोच फरक जाणवतही नाही. म्हणूनच दोन किंवा अधिक थ्रॉटल बॉडी असलेल्या गाडीच्या मालकाला त्या स्वतः सिंक कराव्यात, म्हणजे सर्व चकत्या सारख्या उघडतील अशा जुळवाव्यात, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि हे काम घरी नक्की जमते. मात्र दोन सिलिंडरांच्या व्हॅक्यूममधला (हवा ओढण्याच्या जोरातला) फरक हे बहुतेक वेळा लक्षण असते, मूळ दोष दुसरीकडेच असतो. तो न शोधता स्क्रू फिरवणे ही सर्वांत मोठी चूक आहे.

टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची ठरावीक फट) न तपासता सिंक करायला बसणे हा या चुकीचा नेहमीचा प्रकार. एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह घट्ट झाला असेल, तर त्याचा व्हॅक्यूम थ्रॉटल बॉडी ठीक असूनही वेगळा दिसतो. तो स्क्रूने जुळवला, तर व्हॅक्यूम मोजणारे गेज समाधान देते, पण व्हॉल्व्ह घट्टच राहतो आणि पुढे जळण्याची शक्यता असते. एअर फिल्टर, प्लग, ॲक्सिलरेटर केबलची ढील आणि थ्रॉटल बॉडी व इंजिन यांच्यामधले रबर हेही आधीच पाहून घ्यावे. त्या रबरातून हवा शिरते का हे तपासण्यासाठी काही जण चालू, गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करण्याचा स्प्रे) मारतात. आग लागण्याचा धोका पाहता हे कधीही करू नये. साध्या पाण्याचा बारीक फवारा मारला आणि आयडलिंगचा आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे. टॅपेट बहुतेक गाड्यांवर इंजिन थंड असताना करायचे असतात आणि सिंक पूर्ण गरम इंजिनावर. त्यामुळे टॅपेट सकाळी आणि सिंक संध्याकाळी, असा दिवस आखलेला बरा.

समांतर जुळ्या सिलिंडरच्या गाड्यांबाबत आणखी एक गैरसमज दिसतो. २०१८ मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० सारख्या गाडीचा क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) २७० अंशांचा आहे, म्हणजे एका ठिणगीनंतर दुसरी २७० अंशांनी आणि तिच्यानंतरची ४५० अंशांनी पडते. तो असमान ठोका इंजिनाचा स्वभाव आहे. केवळ आवाज ऐकून ‘गाडी सिंकमधून गेली’ असे ठरवू नये. एकाच सिलिंडरच्या गाडीत तर जुळवायला दुसरे काही नसतेच, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीत चकती हाताने ढकलण्याऐवजी मॅन्युअलमधली पद्धतच पाळावी.

साधनाबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. दोन सिलिंडरांसाठी महागडे गेज लागत नाहीत. नागदेवी स्ट्रीटवर मिळणारी पारदर्शक नळी साधारण चार मीटर घेऊन ती फळीवर यू आकारात बसवावी, तळाशी इंजिन ऑइल भरावे आणि दोन्ही टोके दोन्ही थ्रॉटल बॉडींच्या निपलना (नळी लावायच्या बारीक तोंडांना) जोडावीत. ज्या बाजूचा व्हॅक्यूम जास्त, त्या बाजूला तेल चढते. म्हणजे त्या बाजूची चकती अधिक बंद आहे. फरक मोठा असेल तर तेल झपाट्याने वर जाऊन इंजिनात ओढले जाऊ शकते, म्हणून हात इंजिन बंद करण्याच्या स्विचवरच ठेवावा आणि नळी आखूड घेऊन पैसे वाचवू नयेत. पातळी फार थरथरत असेल, तर माशांच्या टाकीच्या दुकानातले छोटे प्लास्टिकचे कॉक दोन्ही बाजूंना लावून प्रवाह आवळावा. हे साधन अतिशय संवेदनशील असते: तेलातला एक सेंटिमीटरचा फरक म्हणजे पाऱ्याचा एक मिलिमीटरही नव्हे. तेवढ्यासाठी तासभर स्क्रू फिरवत बसू नये. मॅन्युअलमध्ये दिलेली मर्यादा गाठली की थांबावे.

दोन थ्रॉटल बॉडींना जोडणारा लिंकेजचा स्क्रू (चकत्या एकमेकींशी जुळवणारा) आणि हवेचे बायपास स्क्रू (चकती टाळून जाणारी हवा ठरवणारे) यांचे काम वेगळे असते. रंगाचा ठिपका लावून बंद केलेल्या स्क्रूला हात लावू नये. तो कारखान्यात बसवलेला असतो आणि एकदा हलला की मूळ जागा सापडत नाही. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहूनही कमी फिरवावा, हलकी रेस देऊन चकत्या जागेवर बसू द्याव्यात, आयडलिंग पुन्हा ठरलेल्या आकड्यावर आणावे आणि मगच वाचन घ्यावे. लॉकनट (स्क्रू जागेवर घट्ट धरणारा नट) असेल तर तो आवळल्यावर वाचन सरकते, हेही तपासावे.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम कदापि करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आयडलिंगवर दहा-पंधरा मिनिटे चाललेले इंजिन बंद जागेत जीवघेणे ठरू शकते. उघड्यावरही गाडीसमोर पंखा ठेवावा, कारण उभ्या गाडीच्या एअर-कूल्ड इंजिनाला वारा मिळत नाही. टाकी उचलावी लागत असेल, तर इंधनाच्या नळीत दाब असतो हे लक्षात ठेवूनच ती सोडवावी.

माझ्या गाडीवर मी एकदा लागोपाठ दोन रविवार सिंक केले. दोन्ही वेळा तेल समान पातळीवर उभे राहिले आणि रस्त्यावर गेल्यावर झटके परत आले. तिसऱ्यांदा निपलवरची रबराची टोपी काढून चिमटीत दाबली, तेव्हा बुडाशी नखाएवढी चीर उघडली. खाऱ्या, दमट हवेने आणि इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक झाले होते. नळी जोडताना ती टोपी निघत होती, म्हणून मोजताना गळतीच नसायची. टोपी बसवली की हवा पुन्हा आत शिरायची. तेव्हापासून सिंक झाल्यावर मी दोन्ही टोप्या नव्या बसवतो, आणि त्यानंतर आयडलिंग वाढत नाही ना, हे आणखी पाच मिनिटे पाहूनच टाकी खाली बसवतो.