जुन्या मॅकवरची एक्स्टेन्शन्स कशी ओळखायची

सोलापुरात नवी पेठेजवळ माझ्या ओळखीचा एक छापखाना आहे. तिथे पॉवर मॅक जी-4 हा ॲपलचा जुना कॉम्प्युटर अजून रोजच्या कामाला आहे, कारण वीस-बावीस वर्षांच्या लग्नपत्रिका त्यात साठवलेल्या आहेत. आमच्या गावात एका घराला पत्रिका मराठीत लागते, शेजारच्याला तेलुगूत, पलीकडच्याला कन्नडमध्ये. त्या सगळ्या फायली जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठी आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-कोडच्या) आधीच्या फॉन्टमध्ये बसवलेल्या. नव्या कॉम्प्युटरवर त्या उघडल्या तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. म्हणून हा मॅक बंद पडला तर तो काढून दुसरा आणून भागत नाही.

ऐन लगीनसराईत तो सुरू होता होताच अडकायला लागला. छापखान्याच्या काकांनी मला बोलावलं तोवर कुणीतरी त्यांना 'सिस्टिम फोल्डरमधला कचरा काढून टाका' असा सल्ला देऊन झाला होता. नशीब, त्यांनी तो ऐकला नव्हता. त्या फोल्डरमध्ये एक्स्टेन्शन्स, म्हणजे सिस्टिमला जोडलेले छोटे प्रोग्राम, असतात. एक्स्टेन्शन ओळखल्याशिवाय ट्रॅशमध्ये टाकायचं नाही. ओळख पटवायला लागणारी सोय मॅकमध्येच आहे. तिचं नाव एक्स्टेन्शन्स मॅनेजर. 1994 साली मॅकच्या सिस्टिम 7.5 बरोबर ती आली आणि जुन्या मॅक ओएसच्या डिसेंबर 2001 मधल्या 9.2.2 या शेवटच्या आवृत्तीपर्यंत राहिली. मी पुढे लिहितोय ते मॅक ओएस 9 धरून.

मॅक सुरू होताना पडद्याच्या तळाला एकेक छोटं चित्र उमटत रांग पुढे सरकते. ही चित्रं एक्स्टेन्शन्सची आणि कंट्रोल पॅनेल्सची. सिस्टिमला नवं काहीतरी शिकवणारे हे छोटे प्रोग्राम: कुणी प्रिंटर ओळखतो, कुणी स्कॅनर, कुणी नेटवर्क. या जुन्या सिस्टिममध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या मेमरीला स्वतंत्र कुंपण नाही. त्यामुळे एकाने गडबड केली की अख्खं मशीन गोठतं.

आधी दोष एक्स्टेन्शनचाच आहे का ते बघा. मॅक सुरू करताना शिफ्ट दाबून धरा आणि स्वागताच्या पाटीखाली 'एक्स्टेन्शन्स ऑफ' असं येईपर्यंत सोडू नका. असा सुरू केलेला मॅक नीट चालला तर गडबड एक्स्टेन्शन्समध्येच आहे. तरीही अडकला तर हार्ड डिस्क, रॅम किंवा सिस्टिम तपासावी लागेल, आणि हा लेख तिथे उपयोगाचा नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही एक सांगतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असताना दुपारी अर्ध्या-पाऊण तासाने मशीन गोठत असेल, तर आधी पंखा आणि आतली धूळ बघा. एक्स्टेन्शनचा दोष बहुधा ठरलेल्या जागी अडवतो, सकाळी काय आणि दुपारी काय.

आता एक्स्टेन्शन्स मॅनेजर उघडा. डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाच्या मेनूत कंट्रोल पॅनेल्समध्ये तो आहे. मशीन तिथवर पोचतच नसेल तर सुरू करताना स्पेसबार दाबून धरा. बाकी काही लोड होण्याआधी तो समोर येतो.

वरच्या मेनूत 'सेट', म्हणजे काय चालू आणि काय बंद याची साठवलेली यादी, निवडायची सोय आहे. सध्याच्या सेटला हात लावण्याआधी खालचं 'डुप्लिकेट सेट' बटण दाबून त्याची प्रत करा आणि तिला तारखेचं नाव द्या. पुढचे बदल या प्रतीतच करा, म्हणजे काहीही बिघडलं तरी मूळ सेटवर परत येता येतं. हे केल्याशिवाय नावापुढची चालू-बंदची एकही खूण बदलू नका.

मग यादी वाचायची. इथे घाई नको, कारण सगळी ओळख इथेच पटते. नावावर विसंबलात तर फसाल. पुष्कळ नावं काहीच सांगत नाहीत. 'व्ह्यू' मेनूत 'ॲज पॅकेजेस' निवडा, म्हणजे कोणती वस्तू कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर आली त्याप्रमाणे गट पडतात. एखाद्या नावावर क्लिक करून खालच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण उघडा. अनेकांबद्दल दोन-चार ओळींची माहिती तिथे मिळते. याशिवाय 'एडिट' मेनूतल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन 'टाइप' आणि 'क्रिएटर' हे रकाने चालू करा. टाइपच्या रकान्यात चार अक्षरांचा कोड असतो. आय-एन-आय-टी असेल तर ते सुरुवातीलाच लोड होणारं खरं एक्स्टेन्शन. सी-डी-ई-व्ही म्हणजे कंट्रोल पॅनेल. एस-एच-एल-बी म्हणजे शेअर्ड लायब्ररी, अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोडचा साठा. एखाद्या प्रोग्रामने मागितली तरच ती उघडते, त्यामुळे सुरू होताना अडकण्याचा संशय तिच्यावर शेवटी घ्यायचा. एवढं केलं की लांबलचक यादीतली संशयित नावं थोडकीच उरतात.

त्या छापखान्यात आम्ही हेच केलं. चित्रांची रांग रोज एका ठरावीक चित्रावर थांबायची, आणि काकांची खात्री होती की तेच दोषी. पण शेवटचं दिसलेलं चित्र बऱ्याचदा नीट लोड झालेल्याचं असतं. अडकलेलं त्याच्या पुढचं असतं, आणि काही एक्स्टेन्शन्स तर चित्र दाखवतच नाहीत. लोड होण्याचा क्रम साधारण असा: आधी एक्स्टेन्शन्स फोल्डर, मग कंट्रोल पॅनेल्स, आणि दोन्हींत अक्षरांच्या क्रमाने. म्हणून यादीत त्या चित्राच्या खालचं नाव बघायचं. तिथे एका स्कॅनरचं एक्स्टेन्शन होतं, आय-एन-आय-टी जातीचं.

"काका, हा स्कॅनर कुठाय?"

"तो? तो तर कधीच भंगारात दिला की."

स्कॅनर गेला, त्याचं एक्स्टेन्शन मात्र रोज सकाळी त्याला शोधत होतं. त्याची खूण काढली, रीस्टार्ट केलं, आणि रांग शेवटपर्यंत गेली.

दर वेळी इतकं सहज सापडत नाही. तेव्हा 'बेस' नावाचा सेट निवडा. यात ॲपलची किमान एक्स्टेन्शन्स तेवढी असतात आणि तो कुलूपबंद असतो, त्यामुळे चुकून बदलत नाही. बेसवर मशीन नीट चाललं तर 'ऑल' सेट घ्या, त्यात ॲपलची सगळी असतात. तिथेही ठीक असेल तर दोषी बाहेरचं, म्हणजे ॲपलखेरीज दुसऱ्या कुणाचं, आहे. मग निम्मी-निम्मी करत जा. समजा बाहेरची 32 आहेत. तुमच्या प्रतीत 16 चालू ठेवा, 16 बंद करा. अडकलं तर दोषी चालूमध्ये, नाही तर बंदमध्ये. पुढे 8, 4, 2, 1. पाच रीस्टार्टमध्ये नाव हातात येतं. प्रत्येक वेळी काय चालू, काय बंद ते वहीत लिहा. तिसऱ्या फेरीनंतर डोक्यात राहत नाही. सापडलेलं एकटं चालू ठेवल्यावर मशीन ठीक चाललं, तर दोघांचं आपसात पटत नाही असं समजा. मग ते चालू ठेवून बाकीच्यांची पुन्हा तशीच विभागणी करायची.

दोन नावांना मात्र जपा. कंट्रोल पॅनेल्समधलं एटीएम, म्हणजे अडोबी टाइप मॅनेजर, याच्या नावाआधी नागमोडी रेघ असते. ती मुद्दाम दिलेली आहे, अक्षरक्रमात ते शेवटी यावं म्हणून. एटीएम बंद झालं की पोस्टस्क्रिप्ट फॉन्टची मोठी अक्षरं पडद्यावर दातेरी दिसतात, आणि लोकांना वाटतं फॉन्टच गेला. फॉन्ट जागेवरच असतो. एटीएम चालू करून रीस्टार्ट केलं की वेलांटी, रफार पुन्हा गुळगुळीत. दुसरं नाव डोंगलचं, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली म्हणून मशीनला जोडायच्या छोट्या वस्तूचं. मराठी-तेलुगू टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर त्याचं एक्स्टेन्शन बंद होताच ते सॉफ्टवेअर उघडायला नकार देतं. निम्मी-निम्मी करताना असं झालं तर घाबरू नका.

बंद केलेली वस्तू पुसली जात नाही. एक्स्टेन्शन्स मॅनेजर ती 'डिसेबल्ड' लिहिलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवतो. तिथे ती दोन-तीन महिने राहू द्या, एखादी जुनी पत्रिका छापायला निघाली की मगच कळतं काय लागत होतं.

सगळं सुरळीत झाल्यावर सफरचंदाच्या मेनूतून ॲपल सिस्टिम प्रोफायलर उघडा. त्यातही एक्स्टेन्शन्सची यादी आहे: कोणतं चालू, आवृत्ती कोणती, ॲपलचं की बाहेरचं. फाइल मेनूतून नवा रिपोर्ट काढा आणि छापून घ्या. काकांनी तो कागद मशीनच्या मागच्या भिंतीवर चिकटवलाय, आणि एटीएम व डोंगलच्या नावांभोवती लाल पेनाने गोल केलाय.