‘सांगा बघू, मी कोण?’ हा प्रश्न बंद करा: वाचा गेलेल्या माणसाशी बोलायचं कसं

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला भेटायला आलेला पाहुणा पलंगाशी उभा राहतो आणि हमखास विचारतो, "सांगा बघू, मी कोण?" मी स्पीच थेरपिस्ट. पुण्यात कोथरूडपासून कात्रजपर्यंत घरोघरी जाते आणि पहिल्याच दिवशी घरच्यांना सांगते, हा प्रश्न आजपासून बंद. ही तोंडी परीक्षा झाली. बहुतेक वेळा पेशंटने तुम्हाला ओळखलेलं असतं, फक्त नाव तोंडात येत नसतं.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. तिथल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती फुटली, की भाषा बिघडते. उजव्या हातापायाची सूत्रंही त्याच बाजूला असल्यामुळे तेही पुष्कळदा लुळे पडतात. स्कूटरवरून पडून डोक्याला मार बसला तरी हे होऊ शकतं. भाषा अशी बिघडण्याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेझिया म्हणतील. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी फक्त ‘टॅन’ एवढंच बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तर इजा डावीकडे पुढच्या भागात निघाली. असे रुग्ण तुटक बोलतात, प्रत्यय गळतात: "मी... दुकान... औषध." पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरा प्रकार मांडला. त्यात माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचंही नीट कळत नाही. तुमच्या घरात कोणता प्रकार आहे ते आधी विचारून घ्या, कारण दुसऱ्या प्रकारात शब्दांपेक्षा हातवारे आणि वस्तू दाखवणं जास्त उपयोगी पडतं.

पीएमटी बससेवेतून निवृत्त झालेले एक कंडक्टरकाका माझ्याकडे होते. ‘चहा’ म्हणताना घाम फुटायचा, पण "पुढे चला, पुढे चला" खणखणीत. पद्मावती, बालाजीनगर, भारती विद्यापीठ, कात्रज, सगळे स्टॉप ओळीने. शिव्याही अस्खलित! काकू वैतागून म्हणायच्या, "हे बरं येतं!" नाटक नव्हतं ते. वार, पाढे, आरत्या, शिव्या हे घोकून बसलेलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. नवं वाक्य जुळवणं वेगळं काम आहे. आरती सोबत म्हणा, सूर लागला की शब्द सुटतात. पण त्यावरून "आता बोलायला लागले" असं समजू नका.

बोलताना टीव्ही बंद. समोर बसा. काहींना उजवीकडचं दिसत नाही, तेव्हा थोडं डावीकडे सरका. एका वेळी एकच छोटं वाक्य, लहान मुलाशी बोलतो तसं बोबडं नको. मग गप्प बसा. मनात दहापर्यंत मोजा. पुणेकरांना हे फार जड जातं! "नाश्त्याला काय?" असं विचारण्यापेक्षा पोह्यांचा आणि उपम्याचा डबा समोर धरा. ‘हो’वरही लगेच विसंबू नका, हो-नाहीची अदलाबदल होते. "पोहे हवेत?" ला मान हलली, तर थोड्या वेळाने "उपमा हवा?" विचारून पाहा.

शब्द सापडला नाही तर बोट, चित्र, कॅलेंडर काहीही चालतं. काका एकदा सारखं "पाणी, पाणी" करत होते. काकूंनी भांडं दिलं, त्यांनी ढकललं. गरम दिलं, तेही ढकललं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर ठेवलं. डाव्या हाताचं बोट फिरत फिरत गुरुवारवर थांबलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार, पाणी बंद! पिंप भरून ठेवा, एवढंच सांगायचं होतं त्यांना. तेव्हापासून त्यांच्या उशाशी वही असते: घरच्यांचे फोटो, कॅलेंडरचं पान, डबा, औषध, संडास, दुखतंय कुठे ते दाखवायला माणसाचं चित्र.

डॉक्टर हो म्हणाले की थेरपी लगेच सुरू करा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतरही होत राहते. घरात मराठी असेल तर मराठीच बोला, नातवाचं इंग्रजी नंतर. पाणी पिताना ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी आधी.

आणि बोलणं पुन्हा अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, तर साखरपाणी देत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि शेवटचं नीट कधी बोलले होते ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून हॉस्पिटलात ती वेळ आधी विचारतील.