वरचा सुळा अडकलाय का? घरी कसं तपासाल

अक्कलदाढेखालोखाल सर्वांत जास्त अडकतो तो वरचा सुळा. त्याचा अंकुर जबड्यात खूप उंचावर असतो, खाली यायला वाट लांब, आणि शेजारचे दात आधीच येऊन बसलेले. जागा अपुरी असेल, दुधाचा सुळा पडत नसेल किंवा बाजूचा पटाशीचा दात बारीक वा गायब असेल, तर तो भरकटतो, बहुतेकदा टाळूकडे.

मूल 9-10 वर्षांचं झालं की हात धुऊन तर्जनी वरच्या ओठाखाली घाला आणि दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडी चाचपा. दोन्ही बाजूंना कडक उंचवटा लागला पाहिजे. एकीकडे लागतो, दुसरीकडे नाही, तर थांबू नका. दुधाचा सुळा जराही हलत नसेल तर संशय आणखी पक्का. दंतवैद्य एक्स-रे काढून दात नेमका कुठे आहे ते पाहतात.

10 ते 13 वयात, जागा पुरेशी असेल तर, नुसता दुधाचा सुळा काढल्यावर कायमचा सुळा अनेकदा आपोआप वळणावर येतो. मात्र दुधाचा सुळा घरी ओढून काढू नका. वेळ गेली की हिरडी उघडून दातावर साखळी चिकटवावी लागते आणि तारांनी हळूहळू ओढावं लागतं; त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

दुखत नाही म्हणून पालक गाफील राहतात. खरा धोका शेजारच्या दाताला: अडकलेला सुळा त्याचं मूळ झिजवतो, तेही गुपचूप.