शोध फॉर्मला एक्सेल, सीएसव्ही, पीडीएफ जोडताय? या चुका टाळा

केळीची आडत असो, कापसाची जिनिंग असो की डाळ मिल, सॉफ्टवेअरमध्ये शोधाचं पान आलं की मागणी ठरलेली: "एक्सेल पाहिजे, सीएसव्ही पण द्या, साहेबांना पीडीएफ लागतं." (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल.) बटणं लावायला वेळ लागत नाही. वांधा होतो तो फाईल उघडल्यावर.

सगळ्यात महागात पडते ती प्रत्येक फॉरमॅटसाठी वेगळी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवणारा आदेश. रावेर तालुका, मागचा आठवडा, पैसे बाकी, असा शोध घेतला. पडद्यावर एक बेरीज, एक्सेलमध्ये दुसरी. शोधात नवी अट घातलेली असते, एक्सपोर्टमध्ये, म्हणजे फाईल उतरवताना, घालायची राहून जाते. क्वेरी एकच ठेवा, फाईल लिहिणारा कोड तेवढा वेगळा. एक्सपोर्टच्या वेळी पानांची मर्यादा मात्र काढा, नाहीतर समोरच्या पानावरच्या २५ ओळीच उतरतात आणि बाकीचे शेतकरी यादीतून गायब. परवानगीही सर्व्हरवरच तपासा. बटण लपवल्याने डाउनलोडची लिंक बंद होत नाही, आणि या याद्यांत लोकांचे बँक खाते नंबर असतात.

एंटर दाबल्यावर शोध न होता फाईल उतरते? फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण बघा. एंटर दाबलं की ब्राउझर तेच दाबलं असं धरतो. 'शोधा' हे बटण कोडमध्ये सर्वांत आधी हवं. दिसायला ते उजवीकडे न्यायचं तर सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडने न्या. निवडलेला फॉरमॅट सेशनमध्येही (वापरणाऱ्याची माहिती सर्व्हर लक्षात ठेवतो तिथे) साठवू नका, नाहीतर पुढचा साधा शोधसुद्धा डाउनलोड होऊन बसतो.

आता गट नंबर. सीएसव्हीत १२/३ लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करतं, १२ मार्च किंवा संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ३ डिसेंबर. १४५/२ मात्र जसाच्या तसा राहतो. म्हणूनच ही चूक पटकन ध्यानात येत नाही: वरवर चाळलं तर यादी बरोबर वाटते, मधलेच काही उतारे बिघडलेले असतात. खाते नंबरांचंही तेच. सुरुवातीचं शून्य उडतं, आणि १५ आकड्यांपुढचे आकडे शून्य होतात. तशीच फाईल सेव्ह केली की ते परत मिळत नाहीत. एक्सेलची फाईल देताना हे रकाने मजकूर म्हणूनच लिहा. सीएसव्हीत अशी सोय नाही, म्हणून माणसांनी उघडायच्या यादीला एक्सएलएसएक्स (एक्सेलची आताची फाईल) द्या आणि सीएसव्ही दुसऱ्या सॉफ्टवेअरला डेटा पुरवण्यापुरती ठेवा. माझं यावर ठाम मत आहे.

तरीही सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली जाणारच. मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसली तर फाईल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात लिहून सुरुवातीला बीओएम, म्हणजे तो संकेत ओळखू देणारी अदृश्य खूण, घाला. बाहेरून भरलेला मजकूर =, +, - किंवा @ ने सुरू होत असेल तर एक्सेल त्याला सूत्र समजतं; अशा मजकुराआधी एकेरी अवतरण चिन्ह लावा.

पीडीएफमध्ये 'किनगाव'ची वेलांटी क-नंतर पडते, 'मुक्ताईनगर'मधला क्त तुटतो. नुसता देवनागरी फॉन्ट जोडून भागत नाही. जोडाक्षरं जुळवणारी लायब्ररी लागते. बऱ्याच पीडीएफ लायब्रऱ्या ते करत नाहीत. एचटीएमएल (वेब) पान हेडलेस क्रोममधून, म्हणजे खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोम ब्राउझरमधून, पीडीएफ करणं हा सोपा मार्ग, कारण ब्राउझर अक्षरं नीट जुळवतो.

एचटीएमएलच्या टेबलला एक्सएलएस नाव देऊन पाठवण्याची जुनी युक्ती सोडा. एक्सेल उघडताना इशारा देतं, आणि इशारा पाहून मुनीम फाईल उघडतच नाही. खऱ्या जुन्या एक्सएलएसमध्येही एका शीटवर ६५,५३६ ओळीच बसतात, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६.