'मला माहितीये' म्हणताय खरं, पण कशावरून? स्वतःचं ज्ञान तपासायची एक पद्धत

आधी एक वाक्य निवडा, ज्याबद्दल तुम्ही छातीठोकपणे 'हे मला माहितीये' म्हणाल असं कुठलंही. पहिल्याच वेळी देव आहे का, जग खरं आहे का असले विषय नका घेऊ, तिथे लगेच भांडणं लागतात आणि तपासणी राहते बाजूला. आपण 'पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं' हे घेऊ, सगळ्यांना पाठ असतं आणि दिसायला एकदम निरुपद्रवी आहे.

आता पहिलं काम म्हणजे हे तुमच्याकडे आलं कुठून ते शोधायचं. न्यायदर्शनवाल्यांनी (तर्कावर भर देणारी जुनी भारतीय परंपरा) यासाठी चार प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायचे खात्रीचे मार्ग, सांगितलीत: प्रत्यक्ष (स्वतः अनुभवलेलं), अनुमान (खुणेवरून काढलेलं), उपमान (साम्यावरून ओळखलेलं) आणि शब्द (विश्वासू माणसाने सांगितलेलं). चार्वाक म्हणाले फक्त प्रत्यक्ष धरा, बौद्ध तार्किकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोन ठेवली, कुमारिल भट्टांच्या मीमांसकांनी (वेदवाक्यांचा अर्थ लावणारा पंथ) यादी सहापर्यंत नेली. नक्की किती यावर शेकडो वर्षं वाद चाललाय, आपण त्यात पडायला नको, पण यादी चेकलिस्ट म्हणून भारी आहे. तर सांगा बरं, उकळत्या पाण्यात स्वतः थर्मामीटर धरून आकडा किती जणांनी वाचलाय? बहुतेकांनी नाही. पुस्तकात होतं, बाईंनी सांगितलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. म्हणजे हे शब्दप्रमाण झालं. त्यात कमीपणा काही नाही हां, स्वतःची जन्मतारीखसुद्धा आपल्याला दुसऱ्यांनीच सांगितलेली असते, आपण तिथे हजर होतो पण लक्षात कुठे काय आहे!

शब्दावर विसंबताय तर सांगणारा तपासा. न्यायसूत्रांवरची टीका म्हणजे न्यायभाष्य लिहिणारा वात्स्यायन (कामसूत्रवाला तो वेगळा) म्हणतो की ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलीये आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे तो 'आप्त', आणि पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. मला हे फार आवडतं कारण यात सांगणाऱ्याच्या नावाला, पदाला, फॉलोअर्सना कुठेच जागा नाही. प्रश्न दोनच, याला कळायची सोय होती का, आणि खोटं सांगण्यात याचा काही फायदा आहे का. फॉरवर्ड केलेला मेसेज बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाला गारद होतो, कारण पाठवणाऱ्याने तो फक्त पुढे ढकललेला असतो आणि मूळ कोणी लिहिलं ते त्यालाही माहीत नसतं.

दुसरी तपासणी जरा तिरकी आहे आणि इथे थोडा वेळ द्या. समजा तुम्ही थर्मामीटर आणलाच, पाण्यात धरला, १०० दाखवले. पण तो नेमका १०० वर अडकून बसलेला बिघडका थर्मामीटर आहे, थंड पाण्यातही तेच दाखवेल. आता बघा, तुमचं म्हणणं खरं आहे, तुमचा त्यावर विश्वास आहे, कारणही चांगलं आहे, तरी 'याला माहितीये' म्हणवत नाही ना? प्लेटोच्या 'थिएटेटस' संवादात ज्ञान म्हणजे खरं मत अधिक त्याचं स्पष्टीकरण अशी व्याख्या येते, खुद्द संवादात ती टिकत नाही, पण साधारण त्याच धर्तीची 'खरा, सकारण विश्वास' ही व्याख्या पुढे लोक धरून बसले. १९६३ मध्ये एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांच्या लेखात दोन उदाहरणं देऊन ती मोडली, आणि तेव्हापासून तत्त्वज्ञ लोक चौथी अट शोधतायत. गंमत म्हणजे आठव्या शतकाच्या सुमारास धर्मोत्तर या बौद्ध पंडिताने असलंच उदाहरण दिलं होतं, मांस भाजायला विस्तव नुकताच पेटवलाय, धूर अजून नाहीच, पण वर घोंगावणारे किडे लांबून एकाला धुरासारखे दिसतात आणि तो म्हणतो तिथे विस्तव आहे. विस्तव तर आहेच! पण त्याला कळलं कुठे?

यावर वापरायचा उपाय सोपा आहे. स्वतःला विचारा, हे खोटं असतं तर मला कळलं असतं का? (अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९८१ मध्ये साधारण याच प्रश्नावर ज्ञानाची व्याख्या उभी केली, तिच्यातही पुढे लोकांनी भोकं पाडली, पण घरगुती वापराला प्रश्न उत्तम आहे.) अडकलेल्या थर्मामीटरच्या बाबतीत उत्तर 'नाही' येतं, म्हणजे तुमचा आकडा नशिबाने जुळला. थर्मामीटर आधी बर्फात धरून मग उकळत्या पाण्यात धरला असता तर गोष्ट वेगळी.

'दिसलं नाही म्हणजे नाहीये' या प्रकारालाही हाच प्रश्न लावा. भाट्ट मीमांसक (म्हणजे वर आलेले कुमारिल भट्टांचे) अनुपलब्धी, म्हणजे 'न आढळणं', हे वेगळं प्रमाण मानतात पण अट घालतात, ती वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर चष्मा दिसला नाही तर तो तिथे नाही, अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. 'सर्च केलं, काही सापडलं नाही, म्हणजे तसं काही नसतंच' असं म्हणणाऱ्यांनी ही अट भिंतीवर लिहून ठेवावी.

तिसरं, लपलेली अट शोधा. 'विस्तव तिथे धूर' हे चुकतं कारण धुराला ओलं लाकूड लागतं, तापलेल्या लोखंडात विस्तव असतो पण धूर नसतो. या लपलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, उपाधी म्हणतात. आपल्या पाण्याच्या वाक्यातली उपाधी म्हणजे हवेचा दाब. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी साधारण ७० अंशालाच उकळतं, प्रेशर कुकरमध्ये १०० च्या बरंच वर जातं, मीठ घातलं तरी आकडा थोडा सरकतो. शिवाय १०० हा आकडाच मुळात माणसांनी ठरवलाय, सेल्सिअसने १७४२ मध्ये उकळण्याला ० आणि गोठण्याला १०० दिले होते, नंतर ते उलटे केले गेले. आणि आजच्या काटेकोर मापनात समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाला शुद्ध पाणी ९९.९७ च्या आसपास उकळतं. म्हणजे एका वाक्यात थोडी पाहणी, थोडा करार आणि एक गाळलेली अट असं सगळं निघालं.

इथपर्यंत आलात की कोणीतरी विचारणारच (बहुधा तुम्ही स्वतःच), पण थर्मामीटर बरोबर आहे कशावरून, बर्फ शून्यालाच असतो कशावरून, आणि आजवर उकळलं म्हणून उद्याही तसंच उकळेल कशावरून? शेवटचा प्रश्न स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा आहे, अठराव्या शतकातला, आणि त्याला सगळ्यांना पटेल असं उत्तर आजतागायत कोणी दिलेलं नाही. नागार्जुन या बौद्ध तत्त्वज्ञाने तर प्रमाणांनाच धरलं होतं, प्रमाणं कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणाल तर अनवस्था, म्हणजे साखळी संपतच नाही, आणि एकमेकांनी म्हणाल तर गोल फिरणं. बरं, 'मग तुझं तरी म्हणणं कशावरून' असं त्याला विचारायची सोय नाही, तो म्हणतो माझी काही प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचं असं विधानच, नाही!

इथे माझा सल्ला असा की प्रश्न सोडवायच्या मागे न लागता कुठे थांबायचं ते आधी ठरवा, आणि ते ठरवा चुकल्यावर किती महागात पडेल त्यावरून. चहाला पाणी ठेवायचंय तर पुस्तकातलं वाक्य पुरे. पाण्यातले जंतू मारायचेत आणि तुम्ही उंच डोंगरावर आहात तर उंचीचा हिशोब धरून जास्त वेळ उकळा. औषधाचा डोस असेल तर दुसऱ्या कोणाकडून तरी पुन्हा तपासून घ्या. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये कोणी कपटी शक्ती आपल्याला सतत फसवत असेल तर, इथपर्यंत शंका ताणली होती, पण ती मुद्दाम एकदाच करायची कसरत म्हणून, रोज सकाळी तसं करत बसलात तर अंघोळसुद्धा होणार नाही.

मर्यादांचं बोलताना अजून एक पथ्य पाळा, 'अजून कळलं नाही' आणि 'कळूच शकत नाही' यांची मिसळ करू नका. दुसऱ्या प्रकारची नेमकी उदाहरणं आहेत पण ती अगदी नेमकीच आहेत. हायझेनबर्गचं १९२७ चं अनिश्चिततेचं तत्त्व कणाचं स्थान आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) यांच्यासारख्या जोड्यांबद्दल बोलतं, की दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक ठरत नाहीत, आणि गोडेलचं १९३१ चं प्रमेय एका विशिष्ट प्रकारच्या औपचारिक गणिती व्यवस्थांबद्दल, की त्यांच्यात काही विधानं सिद्धही करता येत नाहीत आणि खोटीही ठरवता येत नाहीत. यातलं कुठलंच 'विज्ञानालाही सगळं कळत नाही, म्हणून माझा काढा चालतो' हे सिद्ध करत नाही, आणि तरी दर दोन चर्चांमागे कोणीतरी हे दोघे बाहेर काढतंच.

आणि हे सगळं 'अमुक असं आहे' या छापाच्या ज्ञानाला लागू. पोहता येणं, सूर लावता येणं, एखादा माणूस ओळखणं याला ही चाळणी लावू नका, उत्तम पोहणाऱ्याला हात नक्की कसा फिरवतोस विचारलं तर तो चुकीचं सांगू शकतो आणि तरी त्याला पोहता येतंच. तिथे प्रमाणबिमाण विचारत न बसता पाण्यात उतरायला सांगायचं.