प्लाझ्मातून वेदनाशामक मोजताय? कॉलमला दोष देण्याआधी या चुका टाळा

"सर, कॉलम गेला." कोल्हापुरात एम. फार्म.च्या प्रोजेक्टचे दिवस आले की हे वाक्य लॅबमध्ये हमखास कानावर पडतं. कॉलम म्हणजे एचपीएलसी या मोजणी-यंत्रातली, सँपलमधले घटक वेगळे करणारी नळी. प्रेशर चढलेलं, डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा पीक (आलेखावरचा उंचवटा) बुटका. मी आधी सँपलची ट्यूब मागतो.

परवाच्या ट्यूबमध्ये तळाशी गोळा बसला होता, पण वरचं पाणी दुधाळ. पांढरा रस्सा वाटीत शोभतो, एचपीएलसीत नाही! २०० मायक्रोलिटर प्लाझ्माला (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) प्रोटीन खाली बसवणारं सॉल्व्हंट, असिटोनायट्राइल, २०० च घातलं होतं, "सँपल पातळ होऊ नये म्हणून." एवढ्यात प्रोटीन पुरतं खाली बसत नाही, उरलेलं कॉलमच्या तोंडाशी साचतं. तिप्पट, म्हणजे ६०० घाला. तेही गार, आणि व्हॉर्टेक्सवर (ट्यूब ढवळणारं यंत्र) थोडं थोडं. एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि औषध आत अडकतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन प्लाझ्मात ९९ टक्क्यांच्या आसपास प्रोटीनलाच चिकटलेले असतात.

इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी ठरावीक मापाने घातलेलं दुसरं संयुग, सेंट्रिफ्यूजनंतर घालणारेही भेटतात. मग वाटेत औषध किती वाया गेलं, ते त्याला कसं कळणार? प्लाझ्मा घेतल्या घेतल्या तो घाला, मिसळा, मगच सॉल्व्हंट. कॅलिब्रेशनही (माहीत असलेल्या प्रमाणांवरून मोजपट्टी बनवणं) कोऱ्या, म्हणजे औषध नसलेल्या प्लाझ्मातच करा, मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणारं द्रावण) नको.

पीक दुभंगतोय? तो बहुधा पॅरासिटामॉलचा असेल, कारण तो लवकर बाहेर येतो. सँपलमध्ये ७५ टक्के असिटोनायट्राइल आणि मोबाइल फेजमध्ये जेमतेम १०, मग दुसरं काय होणार? पाण्याने पातळ करा, नाहीतर इंजेक्शन कमी घ्या.

प्रोटीन बसवण्याऐवजी औषध इथिल असिटेट या सॉल्व्हंटमध्ये ओढून काढत असाल तर आधी आम्ल. डायक्लोफिनॅकचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं औषध विद्युतभारित होतं तो) ४ च्या आसपास, प्लाझ्माचा पीएच ७.४, म्हणून आम्लाशिवाय ते भारित राहून पाण्याच्या थरातच बसून राहतं. थोडं फॉस्फोरिक आम्ल घालून पीएच २-३ वर आणा.

आणि वळवाच्या पावसात लाइट गेली की फ्रीजर तपासा. वितळून पुन्हा गोठलेल्या प्लाझ्मात फायब्रिनचे धागे होतात. टिपच्या तोंडाशी एक धागा अडकला तरी २०० च्या जागी १५० येतं आणि डोळ्यांना कळतही नाही. पूर्ण वितळू द्या, हलवा, दोन मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, मगच पिपेट बुडवा.